‘युद्धपंडितांची भूमी’: एका चिनी वाक्प्रचाराचा उगम आणि अर्थविपर्यास

लष्करी दृष्ट्या मोक्याच्या ठिकाणाचा उल्लेख करताना चिनी भाषेत एक सहा अक्षरांचा वाक्प्रचार योजिला जातो: ‘बिंग-ज्या बी जंग ज दी’. युद्धशास्त्राचे जाणते ज्या भूमीसाठी अवश्य झगडतात ती भूमी, असा त्याचा ढोबळ अर्थ करता येईल. श्यूजौ, श्यांगयांग, हूलाओची खिंड, जिंगजौ अशा स्थळांची माहिती देताना चिनी इतिहासग्रंथांत आणि स्थलवर्णनांत हा वाक्प्रचार हटकून भेटतो. तो इतका रुळलेला आहे की त्याचा उगम कोठे आहे आणि उगमस्थानी त्याचा आशय काय होता, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. प्रस्तुत लेखात त्या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. ज्या ग्रंथातून हा वाक्प्रचार आपली मूळ कल्पना घेतो, त्या ग्रंथाचा उपदेश ह्या वाक्प्रचाराच्या आजच्या ध्वनीशी जुळत नाही, किंबहुना तो जवळजवळ त्याच्या उलट आहे, हे दाखविणे हा लेखाचा मुख्य हेतू होय.

प्रथम शब्दांकडे पाहू. ‘बिंग’ ह्या शब्दाचा जुना अर्थ शस्त्र. त्यावरून शस्त्रधारी, सैन्य आणि अखेर युद्ध असा अर्थविस्तार झाला. ‘ज्या’ म्हणजे घर, कुटुंब. लक्षणेने एका विद्येची परंपरा सांभाळणारे घराणे. आपल्याकडे गायकीच्या संदर्भात ‘घराणे’ हा शब्द जसा रक्तसंबंधाकडून गुरुशिष्यपरंपरेकडे वळला, तसाच हा प्रकार आहे. स्सुमा थान ह्याने इ. स. पूर्व दुसऱ्या शतकात विचारपंथांची जी प्रसिद्ध षड्विध विभागणी केली, तीत ‘बिंग-ज्या’ हे घराणे नाही. मात्र इ. स. च्या पहिल्या शतकात बान गू ह्याने हान राजवंशाच्या इतिहासात जी ग्रंथसूची समाविष्ट केली, तीत युद्धविषयक ग्रंथांना स्वतंत्र विभाग दिलेला असून तेथे त्रेपन्न ‘घराण्यां’ची गणना आहे. ह्या ग्रंथांचे तेथे चार वर्ग पाडले आहेत: राजकीय डावपेचांचे, सैन्यरचना व हालचालींचे, शकुन-ग्रहगतीचे आणि शस्त्रकौशल्याचे. तेव्हा ‘बिंग-ज्या’ म्हणजे केवळ सैनिक नव्हे, किंवा केवळ सेनापतीही नव्हे. युद्धाचा शास्त्र म्हणून विचार करणारा, नकाशासमोर बसणारा जो जाणता, तो येथे अभिप्रेत आहे. ह्या कर्त्याकडे वाचकांनी लक्ष ठेवावे. पुढे त्याचे प्रयोजन पडणार आहे.

‘जंग’ ह्या क्रियापदाचा अर्थ झगडणे, स्पर्धा करणे, एकाच वस्तूसाठी दोघांनी ओढाताण करणे असा आहे. मराठीत रुळलेल्या ‘जंग’ ह्या फारसी शब्दाशी त्याचे ध्वनिसाम्य असले, तरी ते निव्वळ योगायोगाचे आहे. दोन्ही शब्दांची कुळे सर्वस्वी भिन्न आहेत. ‘ज’ हा संबंधदर्शक शब्द असून ‘दी’ म्हणजे भूमी. विशेषणवाक्य आधी आणि विशेष्य शेवटी, ही रचना मराठी वाचकाला परकी वाटणार नाही. ‘जाणत्यांनी झगडण्याची जागा’ असे आपण अगदी त्याच क्रमाने म्हणू शकतो.

सर्वांत महत्त्वाचा शब्द म्हणजे ‘बी’. ह्या क्रियाविशेषणात दोन छटा एकत्र नांदतात. एक निश्चितीची: अमुक गोष्ट होणारच. दुसरी विधीची: अमुक गोष्ट केलीच पाहिजे. मराठीत ह्या दोन छटांना दोन वेगळी रूपे आहेत. ‘झगडणारच’ हे एक विधान आहे, ‘झगडलेच पाहिजे’ ही आज्ञा आहे. चिनी भाषेत मात्र दोहोंस ‘बी’ हे एकच अक्षर पुरते, आणि कोणती छटा घ्यावयाची हे संदर्भावर सोपविलेले असते. वाक्प्रचार संदर्भापासून सुटून स्वतंत्र फिरू लागला, की हा आधार नाहीसा होतो. ‘येथे नेहमी लढाया होत आल्या’ हे निरीक्षण आणि ‘हे ठिकाण कोणत्याही किमतीस घेतलेच पाहिजे’ ही आज्ञा, ह्यांमधील अंतर मग पुसट होते.

आता मूळ ग्रंथाकडे वळू. ‘जंग-दी’, म्हणजे झगड्याची भूमी, ही संज्ञा सुन त्झू ह्याच्या नावावर असलेल्या युद्धशास्त्रविषयक ग्रंथाच्या अकराव्या प्रकरणात येते. परंपरेप्रमाणे हा ग्रंथकार इ. स. पूर्व सहाव्या शतकाच्या अखेरीस वू राज्याच्या राजाकडे होता. आधुनिक अभ्यासकांपैकी अनेकजण ग्रंथाची रचना त्यानंतरच्या, परस्परांशी झुंजणाऱ्या राज्यांच्या काळातील मानतात. १९७२ साली शांतुंग प्रांतातील यिंछ्वेशान येथे हानकालीन थडग्यांत ह्या ग्रंथाच्या बांबूच्या पट्ट्यांवर लिहिलेल्या प्रती सापडल्या, आणि पश्चिम हान काळाच्या पूर्वार्धात तो प्रचलित होता ह्याचा प्रत्यक्ष पुरावा हाती आला.

अकराव्या प्रकरणात भूमीचे नऊ प्रकार सांगितले आहेत. आपल्याच मुलखातील भूमी, परमुलखात नुकताच प्रवेश केलेली भूमी, उभयतांस मोकळी असलेली भूमी, अनेक राज्यांच्या सीमा जेथे मिळतात ती चव्हाट्याची भूमी, येथपासून थेट ‘मृत्युभूमी’पर्यंत ही मालिका जाते. हे नऊ प्रकार मातीचे किंवा डोंगरनद्यांचे नाहीत. सैन्य आणि भूमी ह्यांच्यामधील संबंधाचे ते प्रकार आहेत. एकच शेत आज एका सैन्याला एका प्रकारचे आणि उद्या दुसऱ्याला वेगळ्या प्रकारचे असू शकते. ह्या मालिकेत तिसरी ‘जंग-दी’. जी आपल्या हाती आली तर आपला लाभ आणि शत्रूच्या हाती गेली तर त्याचाही तितकाच लाभ, ती झगड्याची भूमी, अशी तिची व्याख्या आहे.

येथपर्यंत वाक्प्रचार आणि ग्रंथ ह्यांचे एकमत आहे. परंतु अशा भूमीवर काय करावे, ह्याविषयी ग्रंथकाराने दिलेला आदेश विलक्षण आहे: तेथे हल्ला करू नये. झगड्याच्या भूमीवर झगडू नका, असे सांगणारे हे वचन भाष्यकारांना कोड्यात टाकणारे ठरले. इ. स. १५५ ते २२० ह्या काळात होऊन गेलेला त्साओ त्साओ हा स्वतः मोठा सेनानी. त्याने ह्या ग्रंथावर जी टीका लिहिली, तीत ह्या वचनाचा उलगडा असा केला आहे, की लाभ हल्ल्यात नसून आधी पोहोचण्यात आहे. शत्रू तेथे अगोदर ठाण मांडून बसला असेल तर ज्या गुणांमुळे ती जागा हवीशी वाटते, तेच गुण आता त्याच्या बाजूने लढतात. म्हणून त्या जागेवर डोके आपटण्यात अर्थ नाही. ह्याला पूरक असे दुसरे वचन त्याच ग्रंथाच्या आठव्या प्रकरणात आहे. काही रस्ते असे असतात की त्यांनी जाऊ नये, काही नगरे अशी की त्यांवर चालून जाऊ नये आणि काही भूमी अशी की तिच्यासाठी झगडू नये, असा त्याचा भावार्थ होय. यिंछ्वेशानच्या पट्ट्यांत ह्या वचनाचे विवरण करणारा एक तुटक मजकूरही मिळाला असून, जेथे सैन्याचे जीवन चालू शकत नाही अशा डोंगरदऱ्यांचा निर्देश त्यात आहे.

ह्या उपदेशाचे प्रत्यक्ष उदाहरण म्हणून यूयूच्या लढाईकडे बोट दाखविता येईल. इ. स. पूर्व २७० च्या सुमारास छिन राज्याच्या सैन्याने यूयूला वेढा दिला. सुटकेसाठी निघालेला जाओ राज्याचा सेनापती जाओ श हा राजधानीपासून थोड्याच अंतरावर तळ देऊन अठ्ठावीस दिवस तटबंदी वाढवीत बसला. शत्रूची खात्री झाली की हा पुढे येणार नाही. मग त्याने दोन दिवस आणि एका रात्रीत मजल मारली. तेथे श्यू ली नावाच्या एका सैनिकाने त्याला सांगितले, की उत्तरेकडील टेकडी जो आधी घेईल तो जिंकेल आणि मागून येणारा हरेल. जाओ श ह्याने लगोलग दहा हजार माणसे टेकडीवर धाडली. छिनचे सैन्य नंतर पोहोचले. त्याने चढाई केली, परंतु टेकडी त्याच्या हाती आली नाही, आणि लढाई तेथेच संपली. स्सुमा छ्येन ह्याच्या इतिहासात ही हकीकत आली आहे. येथे झगड्याच्या भूमीवर जय मिळाला तो झगड्यापूर्वीच. ज्याला झगडावे लागले तो हरला.

तथापि आधी पोहोचणे एवढेच पुरेसे नाही. इ. स. २२८ मध्ये शू राज्याचा प्रधान जूग ल्यांग ह्याने उत्तरेवर स्वारी केली, तेव्हा ज्यथिंग हे नाक्याचे ठिकाण सांभाळण्यासाठी त्याने मा सू ह्याला पाठविले. मा सू युद्धशास्त्रावर अस्खलित बोलणारा होता. त्याने पाण्याची वाट सोडून डोंगरावर तळ दिला. उंच जागा आधी गाठावी, हा नियम त्याने अक्षरशः पाळला असे म्हणावयास हरकत नाही. शत्रूचा सेनापती जांग ह ह्याने डोंगरावर हल्ला करण्यापूर्वी त्याचे पाणी तोडले. तहानेने व्याकूळ झालेले सैन्य मोडले, सबंध स्वारी फसली. मा सू शिक्षेस पात्र ठरला आणि जूग ल्यांगने स्वतःचाही दर्जा तीन पायऱ्यांनी उतरवून घेतला. ग्रंथातील नऊ प्रकार हे संबंधाचे प्रकार आहेत, ह्या वर केलेल्या विधानाची प्रचीती येथे येते. डोंगर मोक्याचा नव्हता. पाणी, वाट आणि डोंगर ह्यांचा मेळ मोक्याचा होता.

मग एखादे ठिकाण शतकानुशतके झगड्याचे का ठरते? ह्याचे उत्तर पुष्कळदा तटाबुरुजांत नसून धान्याच्या कोठारात सापडते. इ. स. पूर्व २०४ मध्ये ल्यू बांग आणि श्यांग यू ह्यांचा संघर्ष चालू असताना, छंगगाओ व शिंगयांगचा प्रदेश सोडून पश्चिमेस मागे सरण्याचा विचार ल्यू बांगच्या मनात आला. ह्याच छंगगाओच्या परिसरात हूलाओची खिंड आहे. तेव्हा ली यीजी ह्या सल्लागाराने त्याला अडविले. राजाला प्रजा हीच स्वर्गासमान आणि प्रजेला अन्न हेच स्वर्गासमान, अशा आशयाचे त्याचे वचन पुढे चिनी भाषेत म्हणीच्या पदवीस पोहोचले. हे वचन नीतिपाठ म्हणून उच्चारलेले नव्हते, हे ध्यानात घेतले पाहिजे. शिंगयांगजवळ आओत्सांग नावाचे प्रचंड सरकारी धान्यागार होते, श्यांग यूने त्याच्या रक्षणाची पुरेशी तजवीज केली नव्हती, आणि ते आपण हस्तगत करावे हा त्या सल्ल्याचा गाभा होता. खिंड महत्त्वाची खरी. पण ती ज्या धान्याच्या वाटेवर होती त्या धान्यामुळे. पुढे इ. स. ६२१ मध्ये थांग राजपुत्र ली शिमिन ह्याने लोयांगचा वेढा चालू ठेवून, साडेतीन हजार निवडक लोकांनिशी दौ ज्यानद हा कितीतरी मोठ्या सैन्यासह येण्यापूर्वी हूलाओ गाठली, त्याला तेथे खोळंबत ठेविले आणि योग्य क्षणी त्याचा पराभव करून त्याला पकडले. पाठोपाठ लोयांगनेही शरणागती पत्करली. हीही आधी पोहोचण्याचीच कथा आहे.

मोक्याचेपणा हा सापेक्ष असतो, हे चिनी भूगोलवेत्त्यांनी स्पष्टपणे ओळखले होते. सतराव्या शतकातील गू त्झूयू (१६३१–१६९२) ह्याने एकशे तीस खंडांचा ऐतिहासिक भूगोल सिद्ध केला. यांगत्झच्या मध्यभागातील प्रांताविषयी लिहिताना तेथील कोणते नगर सर्वांत महत्त्वाचे, ह्या प्रश्नाला तो एक उत्तर देत नाही, तीन देतो. सबंध साम्राज्याच्या दृष्टीने श्यांगयांग, आग्नेयेच्या दृष्टीने वूछांग आणि केवळ त्या प्रांताच्या दृष्टीने जिंगजौ. श्यांगयांगविषयीच्या त्याच्या मताला इतिहासाचा भक्कम आधार होता. मंगोलांनी १२६८ पासून १२७३ पर्यंत ह्या नगरास वेढा दिला. इराणकडून आलेल्या इस्माइल व अलाउद्दीन ह्या कारागिरांनी बांधलेल्या दगडफेकीच्या महायंत्रांनी नदीपलीकडील जोडनगर फानछंग प्रथम पडले, मग श्यांगयांगच्या सरदाराने शरणागती दिली. १२७६ मध्ये दक्षिण सुंग राजधानी शत्रूच्या हाती गेली आणि १२७९ मध्ये राजवंशाचा शेवट झाला.

येथवर आपण सर्व काही ‘बिंग-ज्या’च्या डोळ्यांनी पाहिले. वाक्प्रचाराची व्याकरणिक रचनाच तसे पाहावयास लावते. झगडणारा कर्ता त्यात आहे, झगड्याचा विषय असलेली भूमी त्यात आहे. त्या भूमीवर राहणाऱ्यांना मात्र त्यात स्थान नाही. चिनी भाषेत ह्याच वस्तुस्थितीला आणखी एक नाव आहे, आणि ते ह्या दृष्टीने अधिक बोलके आहे: ‘स्स-जान ज दी’, म्हणजे चहूबाजूंनी युद्धाची भूमी. ह्या रचनेत कर्ताच नाही. युद्ध कोण करतो हे ती सांगत नाही. ते कोणावर येते एवढेच सांगते. स्सुमा छ्येनच्या इतिहासात जाओ राज्याला अशा आशयाचे विशेषण लाविलेले आढळते, आणि तेथील प्रजा युद्धाला सरावलेली आहे म्हणून त्याच्यावर चालून जाऊ नये, असा इशारा येनच्या राजाला दिलेला आहे.

ह्या संज्ञेचा सर्वांत हृदयस्पर्शी उपयोग तीन राज्यांच्या इतिहासात श्यून यू ह्याच्या चरित्रात आला आहे. इ. स. १८९ मध्ये हान दरबारात अंदाधुंदी माजली, तेव्हा श्यून यू अधिकारपद सोडून यिंगछ्वान ह्या आपल्या जन्मप्रांती परतला. त्याने गावच्या वडीलधाऱ्यांना सांगितले, की आपला मुलूख चहूबाजूंनी युद्ध येणारा आहे. देशात उलथापालथ झाली की तो नेहमी रणभूमी होणार, तरी लवकर येथून निघावे. लोक घुटमळले. त्यांच्या घुटमळण्याचे कारण सांगताना इतिहासकाराने ‘ह्वाइ-थू’ हा शब्द वापरला आहे. त्याचा शब्दशः अर्थ माती उराशी धरणे. जीजौच्या प्रांताधिपतीने, जो त्याच प्रदेशातला होता, लोकांना नेण्यासाठी घोडेस्वारही धाडले. परंतु कोणी निघेना. अखेर श्यून यू केवळ आपल्या कुळाला घेऊन निघून गेला. पुढे दोंग ज्वोच्या सरदारांची धाड यिंगछ्वानपर्यंत आली, आणि मागे राहिलेल्यांपैकी पुष्कळजण मारले अथवा लुटले गेले. युद्धपंडिताला जी ‘झगड्याची भूमी’ दिसते, ती तेथील माणसाला उराशी धरण्याची माती असते. श्यून यू स्वतः पुढे त्साओ त्साओचा प्रमुख सल्लागार झाला, म्हणजे तो ‘बिंग-ज्या’च होता, तरीही आपल्या गावकऱ्यांशी बोलताना त्याने जो शब्द निवडला तो कर्ता नसलेला, सोसणाऱ्याचा शब्द आहे.

ह्या दोन्ही संज्ञा एकाच स्थळाला कशा लागू पडतात हे श्यूजौच्या इतिहासात दिसते. प्राचीन पंगछंग ते हेच. इ. स. पूर्व २०५ मध्ये ल्यू बांगच्या सैन्याने ते घेतले आणि श्यांग यूने केवळ तीस हजार निवडक सैनिकांनिशी परतून त्याची दाणादाण उडविली. प्रेतांनी नदीचा प्रवाह थांबला, असे इतिहासकार लिहितो. विसाव्या शतकात उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम जाणारे दोन लोहमार्ग येथे एकमेकांस छेदू लागले, आणि मोक्याचेपणाचे कारण बदलूनही मोक्याचेपणा तसाच राहिला. मे १९३८ मध्ये जपानी सैन्याने श्यूजौ घेतले. त्याची पुढील चाल रोखण्यासाठी जून १९३८ मध्ये चिनी सैन्यानेच ह्वायुआनखौ येथे पीत नदीचा बांध फोडला. त्या पुरात आणि त्यामागून आलेल्या दुष्काळ-रोगराईत लाखो चिनी शेतकरी मेले. नोव्हेंबर १९४८ ते जानेवारी १९४९ ह्या काळात ह्याच परिसरात यादवी युद्धातील निर्णायक ह्वाइ-हाइ मोहीम झाली. चिनी अधिकृत गणनेप्रमाणे त्या मोहिमेत धान्य व दारूगोळा वाहण्यासाठी सुमारे ५४ लाख मजूर राबले, पुष्कळसे पाठीवर, खांद्यावर आणि हातगाड्यांवर ओझी घेऊन. आओत्सांगच्या कोठाराने दिलेला धडा दोन हजार वर्षांनंतरही खोटा ठरला नव्हता.

मराठीत ह्या अर्थी आपण ‘मोक्याची जागा’ म्हणतो. ‘मोका’ हा मूळ अरबी शब्द घटना जेथे घडते ते स्थान दर्शवितो, आणि आपल्याकडे येईपर्यंत त्यात स्थानाबरोबर संधीचा अर्थही मिसळला. जागा आणि वेळ ह्यांची ही सांगड सुन त्झूच्या ‘आधी पोहोचा’ ह्या आशयाशी अनपेक्षितपणे जुळते. उलट पानिपताचे उदाहरण पाहावे. १५२६, १५५६ आणि १७६१ अशा तीन मोठ्या लढाया तेथे झाल्या. परंतु पानिपत कोणालाच नको होते, हवी होती ती दिल्ली. ग्रंथाच्या व्याख्येप्रमाणे पानिपत ही रणभूमी खरी, पण ‘जंग-दी’ नव्हे. आणि मराठी भाषेने त्या स्थळनामाचा जो वाक्प्रचार केला तो युद्धपंडिताचा नाही. ‘पानिपत होणे’ ह्यात जिंकणारा दिसत नाही, ज्याचे झाले तोच दिसतो. ह्या बाबतीत मराठी वाक्प्रचार ‘स्स-जान ज दी’च्या जातीचा आहे.

सारांश, ‘बिंग-ज्या बी जंग ज दी’ ह्या वाक्प्रचाराची कल्पना ज्या ग्रंथातून आली, त्यात झगड्याची भूमी ही शक्यतो झगडा टाळून, आधी पोहोचून मिळवावयाची वस्तू होती, आणि काही भूमींसाठी झगडूच नये अशी स्पष्ट मुभा होती. वाक्प्रचारातील ‘बी’ ह्या एका अक्षराने, निश्चितीकडून आज्ञेकडे सरकत, ती मुभा काढून घेतली. असा अर्थविपर्यास सर्वच भाषांत घडतो, आणि शब्दकोशाच्या दृष्टीने त्यात नवल नाही. परंतु हा शब्द ज्यांच्या शेतांविषयी उच्चारला जातो त्यांच्या दृष्टीने ‘झगडणारच’ आणि ‘झगडलेच पाहिजे’ ह्यांतील भेद लहान नाही. इतिहासाच्या अभ्यासकाने एखाद्या नगराला हे विशेषण लावण्यापूर्वी तेथे झगडणारे कोण होते, त्यांना नेमके काय हवे होते, आणि त्या वेळी माती उराशी धरून तेथे कोण राहत होते, हे तिन्ही प्रश्न विचारले पाहिजेत. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे युद्धशास्त्राचे ग्रंथ देतात. तिसऱ्याचे उत्तर बहुधा एखाद्या चरित्रातील अर्ध्या ओळीत दडलेले असते, आणि ते शोधावे लागते.